किंदळाच्या फांदीतला कोयता

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. विश्वास न ठेवणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा! मी रामनगरला वकिली करते आणि विमा कंपन्यांसाठी क्लेमची चौकशीही करते. समोरचा रडून सांगत असला तरी माझं लक्ष कागदावर. नवरा म्हणतो, तुला देव भेटला तरी तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील.

तर, गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. बाजारकुणंगच्या पुढे जंगलात चार-पाच घरांची वाडी आहे. तिथल्या सोमाचे दोन्ही पाय गेलेले. चाळिशीचा, कुणबी शेतकरी. त्याची अपघात विम्याची पॉलिसी होती, पण कंपनीने क्लेम नाकारला. कारण केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं - अंगावरून वारं गेलं. म्हणजे लकवा, म्हणजे आजार. पॉलिसी होती फक्त अपघाताची. सोमा म्हणत होता, मी झाडावरून पडलो. त्याने ग्राहक आयोगात तक्रार केली आणि उत्तर देण्याआधी कंपनीने मला पुन्हा चौकशीला पाठवलं. खोटं पकडायला, स्पष्टच सांगते.

सोमाची बायको शेवंती अंगणात बसली होती. मी थेट विचारलं, "झाडावरून पडला, तर दवाखान्यात तसं का नाही सांगितलं?"

"झाडाचं नाव घेत न्हाईत आमच्यात, अक्का. झाडानं पाडलं म्हटलं की घरातलं कोण तरी रागानं जाऊन त्येला तोडतंय. म्हणून वारं गेलं म्हणायचं. सासऱ्यांच्या येळंला बी तसंच म्हटल्यालं."

"अगं, डॉक्टर काय कुऱ्हाड घेऊन येणार होता?"

"न्हाई वो... पर तोंडात त्येच आलं."

मला हसूही आलं आणि रागही आला. आयोगासमोर ही बाई असं बोलली की कंपनीचा वकील म्हणणार, ही मागाहून रचलेली कथा. एक्स-रेत मणका चेपलेला दिसत होता, पण ते जुनं दुखणं असू शकतं असं कंपनीच्या डॉक्टरचं मत. पडताना पाहिलेलं कुणी नाही, पंचनामा नाही. ओटीवर बाजेवर पडून सोमा सगळं ऐकत होता. तो एवढंच बोलला, "क्लेम झाला तर चाकाची खुर्ची येईल, एकादं माणूस ठेवता येईल. न्हाई तर ही एकटी किती दिवस उचलील मला?"

त्याचा भाऊ भिकू मला झाड दाखवायला घेऊन गेला. उंच किंदळ. पावसाळ्याआधी तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला ह्याच झाडांचा पाला तोडतात. सोमा त्यासाठीच चढला होता म्हणे. मला तिथे सोडून भिकू म्हैस बघायला गेला. मी फोटो काढले आणि बुंध्याला टेकून बसले. भर दुपार, तरी सावलीत गारवा होता. कुठेतरी मधमाश्यांचा आवाज... आणि तो आवाज हळूहळू लांब गेला.

झोप लागली म्हणा हवं तर. पण मी वर होते, खूप वर. पानांतून हिरवा उजेड झिरपत होता आणि मी हलत होते, पाळण्यात असल्यासारखी. माझ्या खाली दोन फांद्यांच्या बेचक्यात कोयता अडकलेला, मुठीला सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली. शेजारी अर्धवट तोडलेली फांदी. आणि त्याच्याही खाली एक माणूस जात होता... सावकाश, अगदी सावकाश. तोंडातून आवाज नाही. तो वर माझ्याकडे बघत होता. मला इतकं वाईट वाटलं की हात पुढे करून त्याला धरावंसं वाटलं. पण मला हातच नव्हते.

"अक्का, निजलासा व्हय?" भिकू समोर उभा होता. माझे गाल ओले होते.

मी त्याला म्हटलं, वर चढ आणि बेचक्यात कोयता आहे का बघ. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण चढला. मी खालून मान वाकडी करून सगळीकडून बघितलं. पानांशिवाय काहीही दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वरून हाक आली, "हाय! हाय वो अक्का!"

मी भिकूला कोयत्याला हात लावू दिला नाही. पंचायतीचा सदस्य आला, पंचनामा झाला, फोटो झाले. गंजलेला कोयता, शेजारी अर्धी तोडलेली फांदी, मुठीला काळी ट्यूब. शेवंतीने मूठ पाहिली आणि लगेच ओळखली. ट्यूब तिनेच गुंडाळलेली. मी होतं तसं लिहून दिलं. कंपनीच्या वकिलाचा फोन आला, "मॅडम, कोयता वर आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?" म्हटलं, माणूस चढवला, सापडला. पुढच्या तारखेआधीच कंपनीने क्लेम मंजूर केला.

नवऱ्याचं म्हणणं, सोमा बोलण्याच्या ओघात कोयत्याचं बोलला असणार आणि तू विसरलीस. असेलही, असं मी धरून चालले होते. म्हणून क्लेम झाल्यावर मुद्दाम वाडीवर गेले. सोमा नव्या खुर्चीत अंगणात बसला होता. मी त्याला विचारलं.

"मला कुठं ठावं?" तो म्हणाला. "कोयता हातातच हुता असं वाटायचं मला. ह्यांनी खालीच हुडकला, रानभर."

म्हणजे ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मी कुणाच्या डोळ्यांनी पाहिलं? मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही. पहिल्यांदाच.

त्या दिवशी मात्र मी सोमाला सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पडताना मी वरडलो काय, अक्का?"

"नाही. तुम्ही वर बघत होता."

"व्हय," तो म्हणाला. "कोण तरी लई मायेनं बघत हुतं. म्हणून तर भ्या वाटलं न्हाई."