बाबांना 'नका' म्हणताना

मोठ्या माणसाला थेट 'असं करू नका' म्हणून कसं सांगायचं? खरं सांगते, मला अजूनही याचं नीट उत्तर येत नाही...

परवा पनवेलच्या आमच्या ऑफिसात माझी स्पॅनिशची तोंडी चाचणी होती. स्पेनमधली एकटी राहणारी वयस्कर माणसं अडचणीत फोन करतात, त्यांना सांभाळून घ्यायचं काम आहे. पास झाले की नोकरी पक्की.

विषय नकारार्थी आज्ञांचा. नियमित क्रियापदं तशी सोपी... शेवटी 'आर' असेल तिथे 'ए' येतो, 'एर' किंवा 'इर' असेल तिथे 'आ'. कामिनार म्हणजे चालणं, म्हणून 'नो कामिने', चालू नका. सुबिर म्हणजे चढणं, म्हणून 'नो सुबा', चढू नका. सगळं पाठ होतं.

आमच्या ट्रेनर निलोफर मॅडम पाय सुजलेले आजोबा झाल्या आणि जिन्याकडे निघाल्या. मी आपली घरच्या सवयीने गोड आवाजात, "आपण जरा बसूया का?" मॅडम थांबल्याच नाहीत.

"पडले तुझे आजोबा," त्या हेडसेट काढत म्हणाल्या. "बेटा, इतकी अदब? त्यांना आत्ता हुकूम हवा होता. उद्या सकाळी ये, शेवटचा चान्स."

घरी येऊन स्वयंपाकघरात मोठ्याने सराव करत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, "कोनाला दम देतेस गो?"

आई म्हणाली, "सायबाच्या आज्याला."

"मंग जोरात दे. आजा बहिरा आसंल."

आम्ही हसलो, पण माझं लक्ष त्यांच्या पायाकडे होतं. बाबा कंटेनर यार्डात कामाला आहेत, त्यांना डायबेटिस आहे. अंगठ्याजवळची जखम काळी पडत चाललेली, तरी एक खाडा नाही. आई रोज "आज ऱ्हाऊ द्या की" म्हणते, आणि ते रोज जातात.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. म्हणूनच त्यांच्यासमोर आवाज चढवायला जास्त जड जातं... शिकली आणि शेफारली, असं त्यांना वाटू नये.

काल सकाळी बाबा गमबूट चढवताना एकदम भिंतीला टेकले. कपाळावर घाम. तरी दुसरा बूट घेतलाच. मी चाचणीला निघाले होते, चपला घालून दारात उभी.

"बाबा, चालू नका."

आईच्या हातातला डबा तसाच राहिला.

"कामावर जाऊ नका. तो बूट काढा." माझा आवाज विनंतीचा नव्हता.

बाबांनी वर पाहिलं. "कोनाशी बोलतेस, ठावं हाय ना?"

"हाय."

मला वाटलं, आता संपलं. मग बाबा पाय पुढे करत हळूच म्हणाले, "वढ. माझ्यान निगत नाय."

बूट ओढला तेव्हा मोजा जखमेला चिकटलेला होता. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल, पण आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बाबा रागावले असतील, दुखावलेही असतील. आज ते घरी आहेत, एवढ्याबद्दल मी कृतज्ञ आहे. आणि चाचणीचं म्हणाल तर, दवाखान्यात जाताना रिक्षातूनच मॅडमना मेसेज केला होता... मी येत नाही.