मेणावरचा अंगठा

"झोप गं जरा," दालिसान म्हणतो. "तू झोपलीच नाहीस तर तो येणार कसा?"

भरदुपारी बायकोने झोपावं म्हणून नवरा हातापाया पडतोय, असं बोहोल बेटावर याआधी कधी घडलं नसेल. एरवी लुनहावला हसू फुटलं असतं. आज नाही. सहा दिवस तिने डोळ्याला डोळा लागू दिलेला नाही. आल्याचा तुकडा दाढेत धरून बसायचं आणि पापणी जड झाली की कचकन चावायचं, हा तिचा उपाय. झोप येत नाही असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तिला झोपेची भीती वाटते, आणि का वाटते ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

गोष्ट अशी. चार महिन्यांपूर्वी अख्खं गाव किनारा सोडून या डोंगरावर आलं. स्पॅनिश पाद्र्याचं चर्च, सक्तीची लाकूडतोड, सगळं खाली टाकून आलं. वर आल्यावर शहाळ्याच्या पाण्याने प्रत्येकाने कपाळ धुतलं आणि पाद्र्याने दिलेलं नाव थुंकून टाकलं. नऊ वर्षं उर्सुला म्हणून वावरलेली बाई पुन्हा लुनहाव झाली. हे घडवलं बुगानाने. बुगाना बाबायलान, म्हणजे देवांशी बोलणारी पुजारीण. तिने दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. स्पॅनिश शिपायांची गोळी हवेतच वळेल आणि झाडणाऱ्याच्याच अंगात शिरेल. आणि तरीही आपला कुणी पडलाच, तर सातव्या दिवशी तो उठून उभा राहील. माणसं इतकी पिचलेली होती, की दोन्ही गोष्टी त्यांना लगेच पटल्या.

मग शिपायांची पहिली होडी आली, आणि लुनहावच्या मोठ्या भावाला, मानूकला, चटईवर घालून वर आणलं. मेलेल्याला आंघोळ घालायची ती बहिणीने. पडद्याआड, एकटीने, दुसऱ्या कुणी बघायचं नाही. लुनहावला त्याच्या छातीत डावीकडे भोक दिसलं. तिने बोट घातलं, तर टोकाला शिसं लागलं. बाहेर माणसं दबक्या आवाजात विचारत होती, "गोळी लागली का गं?" पडद्याच्या फटीतून तिला दालिसानचा चेहरा दिसला, नुसत्या विश्वासाने भरलेला. नवऱ्याच्या टोपलीत मधाच्या पोळ्यांचं मेण होतं. तिने एक गोळा उचलला, मुठीत उबवला, शिसं दिसू नये म्हणून भोकात भरला आणि अंगठ्याने दाबला. बाहेर येऊन म्हणाली, "गोळी कुठली? पळताना आपल्याच सुळ्यावर पडला." सुळे म्हणजे शिपायांसाठी वाटेत पुरलेल्या बांबूच्या अणकुचीदार खुंट्या. सगळ्या डोंगराचा जीव भांड्यात पडला. दोन म्हाताऱ्या तर हसल्याच. त्याच संध्याकाळी मानूकला पुरलं.

आज सातवा दिवस. खाली नदीकाठी शेकडो शिपाई उतरलेत. उद्या सकाळी पुरुष उतरणार, आणि दालिसान सगळ्यांत पुढे. छातीवर बुगानाने मंतरलेलं पान. रेड्याच्या कातड्याची ढाल होती, तिच्यावर त्याने मासे वाळत घातलेत. गोळी वळणारच आहे, मग ढाल कशाला? एवढं मात्र ठरलंय, की मानूकने आधी उठायचं. बुगाना म्हणते, जिच्या हातांनी आंघोळ घातली तिच्याच स्वप्नात तो पहिल्यांदा येईल, आणि तिने तोंड न धुता सगळ्यांसमोर ते सांगायचं.

"झोपते," लुनहाव म्हणते आणि आल्याचा तुकडा थुंकते.

बांबूच्या कामट्यांची जमीन पाठीला टोचते. घराखालच्या खांबाला डुक्कर अंग घासतंय, खर्र, खर्र. बाहेर कुणीतरी तांदूळ कांडतंय. मग कांडणं लांब जातं. डुकराचं घासणं थांबतं.

कामट्यांच्या फटीतून एक बोट वर येतं आणि तिची पाठ चाचपतं.

"इंदाय."

तिला या लाडक्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

"दादा?"

"जरा सरक ना. माझ्या अंगावर झोपलीयस."

ती उठायला बघते, पण अंग हलत नाही. आलं चावावं म्हणून दात आवळते, तर तोंडात मेण आहे, मऊ, दाताला चिकटणारं. ती किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये बाकावर बसली आहे. आत गुडघाभर पाणी साचलंय. पाद्री उभा राहायचा तिथे मानूक आहे, पण अर्धाच. कमरेखाली तो जमिनीतच आहे.

"बघ, एवढाच आलोय," तो म्हणतो. आवाज त्याचाच, फक्त ओला. "रोज सकाळी माझ्या नावाने भाताची ताटली मांडता, हाका मारता. हाक आली की कुणीतरी केसाला धरून ओढतंय असं वाटतं. वीतभर वर येतो आणि अडकतो."

"कशात अडकतोस?"

तो तिच्याकडे नुसता बघतो. लहानपणी तिने त्याचा गळ हरवला होता, तेव्हा असाच बघत होता.

"मी घाबरले होते रे, दादा."

"मी नव्हतो घाबरलो. तेच चुकलं. समोरून बंदुकीचा धूर निघाला तेव्हा मी हसत होतो, इंदाय. आता वळेल, आता वळेल, म्हणत होतो."

पाणी वाहायला लागतं. बाक नाही, भिंती नाहीत, ती नदीच्या उतारात उभी आहे. पलीकडच्या काठावर डोंगरावरचे सगळे पुरुष ओळीने उभे आहेत. प्रत्येकाने हात पुढे केलाय आणि प्रत्येकाच्या तळहातावर मेणाचा एकेक गोळा आहे. तिला कळतं, आपल्याला काय करायचंय ते. पहिल्याच्या छातीत ती मेण भरते, अंगठ्याने दाबते. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. अंगठा मुळापर्यंत आत जातो आणि प्रत्येक जण लहान मुलासारखा म्हणतो, "झालं?" ओळ काही संपत नाही. रडावं तर डोळ्यांतून पाणी येत नाही.

शेवटी दालिसान. तो हसतोय. छातीवर पान आहे, आणि पानाच्या मधोमध एक भोक, त्यातून तिला त्याच्यामागची झाडं दिसतात.

"माझंही बुजव ना," तो म्हणतो. "कुणाला दिसायला नको."

ती जीव खाऊन ओरडते. आवाज फुटत नाही. कानाशी थंडगार श्वास लागतो.

"काढ," मानूक म्हणतो.

"काय काढू?"

"लावलंस ते. उद्या यांनाही लावत बसशील."

"काढलं तर तू उठशील?"

"नाही. मी सुखाने आडवा होईन."

"पण बुगाना म्हणते, सातव्या दिवशी..."

"खाली फार जण आहेत, इंदाय. आपले आजोबा आहेत, त्यांचे आजोबा आहेत. कुणी कूससुद्धा बदलत नाही. काढ लवकर. सकाळची हाक फार दुखते."

ती डोळे मिटून हात पुढे करते. भावाची छाती नदीतल्या दगडासारखी गार आहे. मेणाच्या कडेखाली ती नख घालते. ते सुटत नाही. ती दोन्ही पाय रोवते, देवांची नावं घेते, पाद्र्याच्या देवाचंही घेते, आणि ओढते.

खर्र, खर्र. डुक्कर खांबाला अंग घासतंय.

लुनहावच्या गालावर कामट्यांचे वळ उमटलेत. दारात दालिसान उकिडवा बसला आहे, पापणी न हलवता.

"आला होता?"

ती मान डोलावते. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, ती तिलाच उघडता येत नाही. दालिसान जवळ येऊन एकेक बोट सोडवतो. मुठीत मेणाचा गोळा आहे.

जन्मभर मधाची पोळी काढलेला माणूस तो. आधी नाकाशी नेतो. "हे माझ्या टोपलीतलं," तो हळूच म्हणतो. "वरच्या कड्यावरच्या पोळ्याचं." मग उजेडाकडे धरतो. एका बाजूला अंगठ्याचा ठसा आहे, सुरीने कापल्याची तिरकी खूण असलेला. बायकोचा हा ठसा तो कुठेही ओळखेल. दुसऱ्या बाजूला एक गोल, गुळगुळीत खळगा आहे, तळाशी शिशाचा काळपट डाग. तो आपल्या करंगळीचं टोक खळग्यात घालून बघतो. ते बरोब्बर बसतं.

बाहेरून बुगानाची हाक येते, "लुनहाव! आला का तो? तोंड धुऊ नकोस, तशीच बाहेर ये!" तिच्यामागे अख्ख्या डोंगराची कुजबुज ऐकू येते.

दालिसान करंगळी बाहेर काढतो. "हे कुठं लावलं होतंस?" तो विचारतो.

लुनहाव त्याच्या छातीवरचं पान बाजूला करते आणि डाव्या बाजूला, जिथे धडधड लागते तिथे, आपला अंगठा टेकवते.

"इथे," ती म्हणते. आणि तोंड न धुता, त्याच्या हातातलं मेण मुठीत घेऊन ती शिडी उतरू लागते.