विहिरी आटवणारी बाई

गेम आला त्या दिवशी माझ्या बायकोने स्वतःला मरताना पाहिलं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. फोन माझ्या हातात होता. ती म्हणाली, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावला. ती पुन्हा मेली.

त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीची माणसं आमच्या गावात आली होती. आमचं गाव मिरजगावपासून आत, हमरस्ता सोडून. त्यांना मोबाईलवरच्या गेमसाठी दुष्काळी गाव हवं होतं आणि त्या गावातली माणसं खरी हवी होती. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये त्यांनी एक गोल लोखंडी सांगाडा उभा केला. त्याला सगळ्या बाजूंनी कॅमेरे. मध्ये स्टूल. स्टुलावर बसायचं, सांगतील तसं हसायचं, घाबरायचं, रागवायचं. मग तुमचा चेहरा गेममध्ये चालतो, बोलतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

फोटो म्हटला की आमच्याकडे बायका आधी पावडरीचा डबा शोधतात. त्या दिवशी हॉलबाहेरच्या लिंबाखाली एकच डबा हातोहात फिरत होता. कपाळ, गाल, मान, कानाच्या मागे. रापलेल्या चेहऱ्यांवर पांढरा थर बसला, तरी कुणाला तो वावगा वाटला नाही. फोटोतलं तोंड तसंच असतं.

डबा माझ्या बायकोपर्यंत आला आणि तिने तो पुढे दिला. शेजारची सून तिच्या मागे लागली.

"अगं, हात तरी फिरव तोंडावर. काळी येशील."

"काळी हाय, काळीच येनार. दुसरी कुनी आली तर तिला काय म्हनू, बस घरात?"

बायका हसल्या. ती शिकलेली होती, आमच्या ओसरीवर लहान मुलांची शिकवणी घ्यायची, मुलांशी पुस्तकातलं मराठी बोलायची. पण बायकांत बसली की माहेरची भाषा आपोआप यायची. रंगावरून तिने लहानपणापासून ऐकलं होतं. लग्नानंतर माझ्या घरातही ऐकलं. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा त्यात आणखी भर पडली. त्या दिवशी स्टुलावर बसताना ती खुशीत होती. मला म्हणाली, "एकदा तरी कुठेतरी मी आहे तशी दिसेन."

तिला राग दाखवता येईना. कॅमेऱ्यामागचा तरुण म्हणाला, "मॅडम, जरा जास्त." मग तिने गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघायची तसं बघितलं. मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली, एक भुवई वर. मुलं या बघण्याला घाबरायची नाहीत, खाली बघून हसायची. तो तरुण मात्र म्हणाला, "परफेक्ट."

गेममध्ये एका गावाच्या विहिरी आटलेल्या असतात. परदेशात वाढलेला एक गोरा, उंच मुलगा आजोळी येतो आणि गाव वाचवतो. आमच्या गल्लीतल्या बायका त्यात आहेत. पावडरीमुळे उजळ आलेले त्यांचे चेहरे आणखी उजळ करून त्यांना हंडे घेऊन उभं केलंय. त्या हात जोडतात, रडतात, त्या मुलाला ओवाळतात. गावाबाहेर एक चेटकीण राहते. तिच्या नजरेने पाणी आटतं. सगळ्या गेममध्ये काळी अशी ती एकटीच. ती मान डावीकडे करते, हनुवटी खाली घेते, एक भुवई वर करते. मग तो मुलगा तिला जाळतो.

पहिल्या दिवशी बायको हसून म्हणाली, "लुगडं तरी बरं द्यायचं." मीही हसलो. त्यानंतर ती फोनकडे बराच वेळ बघत राहिली.

मी कर्जतला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुढच्या दिवसांत मी घरच्या कपाटातली, शिकवणीच्या मुलांना वाचायला द्यायची जुनी चित्रांची पुस्तकं काढून पाहिली. राक्षस, चोर, जादूगारीण यांना चित्रकाराने शाईने गच्च भरलं होतं. राजकन्येला शाई लावलीच नव्हती. तिचा रंग म्हणजे नुसता कागद. ही पुस्तकं मी कितीतरी वर्षं मुलांच्या हातात देत होतो आणि ती वाईट पुस्तकं आहेत असं मला आजही म्हणवत नाही. मी ती परत कपाटात ठेवली. बायकोला काही सांगितलं नाही.

गावात गेम सगळ्यांच्या फोनवर होता. मुलं शिकवणीला येताना आधी कुंपणाशी थांबू लागली. एक मुलगी आत येऊन बायकोच्या हाताला बोट लावून बघायची आणि बोट चटका बसल्यासारखं मागे घ्यायची. बाकीची मुलं हसायची. बायकोही हसायची. मग त्या मुलीची आई आली आणि अंगणातूनच म्हणाली, "मॅडम, आता परीक्षा झाली की पुन्हा पाठवते." परीक्षा अजून लांब होती. एकेक करून ओसरी रिकामी झाली. भांडण कुणीच केलं नाही.

फाल्गुनात शेजारच्यांचं बोर आटलं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणाचं ना कुणाचं आटतं. शेजारची सासू दारात बसून टँकरची वाट बघत होती. माझी बायको धुणं वाळत घालायला बाहेर आली तशी म्हातारीने नातवाला उचलून आत नेलं. मग एकटीच परत येऊन बसली.

"काकू, काय झालं?" बायकोने विचारलं.

"काय न्हाई गं बाई. खेळातलं खेळात ऱ्हातंय. पन पानी गेलं ते गेलंच ना."

दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला कुणीतरी बिब्बा आणि लिंबू बांधून ठेवलं होतं. दोऱ्याची गाठ घराकडे तोंड करून होती, आतली नजर बाहेर जाऊ नये म्हणून बांधल्यासारखी. बायकोने कात्री आणली, दोरा कापला, लिंबू चुलीत टाकलं आणि हात धुऊन कंपनीला फोन लावला.

फोनवर एक मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"मॅम, आम्ही हे फार सिरियसली घेतोय. रंगाबद्दल आणखीही तक्रारी आल्यात."

"रंगाबद्दल माझी तक्रार नाही," बायको म्हणाली. "माझा रंग राहू द्या. फक्त मला त्या बायकांत उभं करा. हंडा द्या. आणि चेटकीण लागतच असेल तर दुसरी करा, कुठल्याही रंगाची. मला इथे राहायचंय, एवढंच."

"पुढच्या अपडेटमध्ये नक्की बघू, मॅम."

बायको नंतरही फोन करत राहिली. दर वेळी ती तेच मागायची, त्याच शब्दांत. बाजारात जाणं तिने बंद केलं. विहिरीजवळून जायचं असलं तर नजर जमिनीवर ठेवायची. एकदा मी म्हटलं, "तू कशाला मान खाली घालतेस?" ती म्हणाली, "अहो, त्यांना भीती वाटते. घाबरलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही." आम्ही काही महिने केडगावला माझ्या भावाकडे जाऊन राहायचं ठरवलं. सामान बांधायला घेतलं होतं.

वैशाखात ती गेली. स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे कुणालाही होऊ शकतं, असंही ते म्हणाले. मला ते पटतं. गावात मात्र त्या आठवड्यात वळवाचा पाऊस पडला आणि त्याबद्दल लोक माझ्यासमोर काही बोलले नाहीत.

दिवस झाल्यानंतर कंपनीतल्या त्या मुलीचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"सर, मॅमना सांगा, काम झालं. अपडेट गेलाय. आता रंगावरून कुणाला काही म्हणता येणार नाही."

मी फोनवर गेम उघडला. चेटकीण तिथेच होती, गावाबाहेर. तिला गोरी केली होती. नाक तिचं, डोळे तिचे, भुवई तिची. अंगावर आता चांगली साडी होती.

मी त्या मुलीला सांगितलं की बायको वारली.

"सॉरी सर. मला माहीत नव्हतं." मग तिने विचारलं, "मग चेहरा ठेवायचा का काढायचा? तुम्ही म्हणाल तसं करू."

"आधीचा रंग परत आणता येईल?"

"त्या रंगावरच आक्षेप होता ना, सर. तो नाही आणता येणार. ठेवणं किंवा काढणं, एवढंच."

मी कळवतो म्हणालो.

परवा शेजारची सून विरजण मागायला आली होती. जाताना उंबऱ्यात थांबली. "सर, आमच्या पोरांनी दाखवलं. आता बरी दिसती की बाई." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

चेहरा काढायला सांगितलं तर ती मान, ती हनुवटी, ते बघणं जाईल. हलणारी, वळणारी अशी ती दुसरीकडे कुठेच नाही. आम्ही कधी व्हिडिओ काढला नव्हता. ठेवायला सांगितलं तर तिने जे मागितलं होतं त्यातलं काहीच तिला मिळालेलं नाही, यावर माझी सही होते.

मी अजून कळवलेलं नाही. गेममध्ये एक गोरी बाई आहे. ती मान वळवून माझ्याकडे बघते, आणि नंतर तिला जाळतात.