पाय सुटला पाहिजे

नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता दोन वर्षं होतील. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, डावा हातही बराचसा वळला. डावा पाय राहिला. मांडी उचलली जाते, गुडघा वाकतो, पण घोट्याखाली पाऊल लोंबतं, आणि ते कुठे आहे हे त्याला न बघता सांगता येत नाही. सायकलवर बसला की दोन-तीन फेऱ्यांत पाऊल पायडलवरून घसरायचं आणि पायडल फिरून नडगीवर आदळायचं. लागलेलं त्याला पँट वर केल्यावरच दिसायचं.

सायकल हा काही छंद नव्हता. तो मूळचा दोडामार्गाकडचा, डिचोलीच्या खाणींवर वीसेक वर्षं खनिजाचा टिपर ट्रक चालवलेला माणूस. टिपर गेला तो गेलाच. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं. आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे, आठ ते पाच. मॅनेजरने अट एकच घातली: रोज वेळेवर आपलं आपण यायचं. महिनाअखेरपर्यंत जागा राखतो, म्हणाला. घरापासून चार किलोमीटर. त्या वेळेला बस नाही. माझी नोकरी डिचोलीला, उलट्या दिशेला, आणि तीही आठचीच. स्कूटर त्याला झेपत नव्हती, कारण थांबल्यावर तिचं सगळं वजन पायांवर पेलावं लागतं. उरली सायकल. म्हणजे डावा पाय पायडलवर टिकला तर नोकरी, नाहीतर नाही.

पहिला उपाय त्याने स्वतःच केला. टिपरवाले ताडपत्री जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधतात, तशी पट्टी कापून त्याने पाऊल पायडलला आवळलं आणि अंगणात चक्कर मारली. पाय जागचा हलला नाही. थांबायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की गाठ खाली आणि तो वर. शेवटी माडाला मिठी मारून थांबला.

मी आत भाकरी करत होते. हात धुवून बाहेर आले.

"मी आले नसते तर माडालाच धरून राहिला असतात?"

"माझी ताडपत्री कधी सुटूक नाय," तो म्हणाला.

"ताडपत्रीला उतरायचं नसतं."

गाठ इतकी पक्की होती की पट्टी कापावी लागली.

शनिवारी त्याला घेऊन डिचोलीच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर आणि कमी बोलणारा. त्याने तीन प्रकार टेबलावर मांडले. पहिला शर्यतवाल्यांचा: बुटाच्या तळाला एक चकती, ती पायडलमध्ये खटकन बसते. दुसरा टो-क्लिप, म्हणजे बोटांपुढे एक लहान पिंजरा आणि वरून चामड्याचा पट्टा. तिसरं साधं रुंद पायडल, वर बारीक खिळ्यांसारखे दाते, रबरी तळवा धरून ठेवणारे.

"हा पहिला सोडवायचा कसा?" मी विचारलं.

"टाच भायर वळवली की सुटतो, वयनी."

नवरा बाकावर बसला होता. दुकानदार त्याला म्हणाला, "दादा, बसल्या जागी टाच जरा बाहेर वळवून दाखवा."

"वळवतंय," नवरा म्हणाला.

टाच जमिनीवर होती तशीच होती. तो तिच्याकडे बघत राहिला. दुकानदाराने तो जोड उचलून खोक्यात ठेवला.

दुकानदाराचं मत दात्यांच्या पायडलला होतं. "पाय मोकळा असलेला बरा," तो म्हणाला. मला पटलं नाही. ज्याला आपलं पाऊल कुठे आहे तेच कळत नाही, त्याला दाते काय सांगणार? शिवाय तुयेला जायचं तर शेवटी सड्यावर, वरच्या कातळमाळावर, चढायचं. चढावर डावा पाय बांधलेला असला तर उजव्याच्या जोराबरोबर तो ओढला जाईल. मी टो-क्लिप घेतली, फक्त डाव्या बाजूला. पट्टा एका हाताने सैल करता येत होता. नवऱ्याला मी विचारलं नाही.

नियम सोपा होता. डावा पाय बांधलेला, उजवा मोकळा, म्हणजे थांबताना नेहमी उजवा पाय टेकायचा. सोपा फक्त ऐकायला. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, डावीकडे उतरतो, डावा पाय टेकतो. शाळेच्या मैदानावर बारा दिवस संध्याकाळी सराव केला. मी "थांबा" म्हटलं की तो उजवीकडे कलायचा, पाय टेकायचा, वाकून पट्टा सोडायचा. शेवटचे चार दिवस एकदाही चुकला नाही. एकदा सायकल टेम्पोत घालून सड्याच्या चढावरही नेऊन बघितलं. हळूहळू, पण न उतरता वर गेला. वर पोचल्यावर त्याने घाम पुसला आणि मागे वळून रस्ता बघितला. त्या दिवशी तो नीट जेवला.

रविवारी पूर्ण रस्त्याची चाचणी केली. तो सायकलवर, मागे मी स्कूटरवर. वाटेत गावच्या देवीचं देऊळ लागतं. आमच्याकडे देवळासमोरून कोणी बसल्या बसल्या जात नाही. सायकल असो, मोटरसायकल असो, थांबायचं, पाय चपलेतून काढून उघडं पाऊल जमिनीला टेकायचं, हात जोडायचे आणि पुढे जायचं. हे मला माहीत होतं. त्या बाजूला गेले की मीही थांबते. तरी बारा दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

तो देवळासमोर थांबला आणि डावीकडे कलला. पाऊल चपलेतून निघालं नाही, चप्पल पट्ट्यातून निघाली नाही. क्षणभर तो तसाच तिरका राहिला, मग सायकलीसकट आडवा झाला.

देवळाबाहेर फुलं विकणारी बाई बसते. ती हसली. "आज एकदम लोटांगण?" जवळ आल्यावर तिला पट्टा दिसला. मग तिने पटकन सायकल धरली आणि मी पट्टा सोडवला. कोपर सोललं होतं, खांदा सुजला होता. मोडलं काही नव्हतं. मागून त्या वेळी गाडी आली नाही, एवढंच.

घरी खांदा शेकताना मी म्हटलं, "त्या रस्त्याला दुसरी वाट नाही. देवळासमोर न थांबता जायचं. मनात नमस्कार करायचा. देवीला कळतं."

"देवीक कळता," तो म्हणाला. "पायाक कळणा नाय."

मी फडकं परत गरम पाण्यात बुडवलं.

मग तो म्हणाला, "बाकी सगळीकडे ह्या पायाक सांगूचा लागता. थंय, देवीफुडे, तो आपसूक खाली जाता. तेवढाच उरला होता, गो. ताच तू बांधलंस."

मी त्याला विचारायला हवं होतं, आणि ते दुकानातच विचारायला हवं होतं. महिना संपायला नऊ दिवस होते.

या वेळी विचारलं. "तुम्हाला काय हवं?"

"पाय सुटाक होयो. बाकी मी बघतंय."

वसाहतीच्या फाट्यावर एक वेल्डिंगवाला आहे. नवऱ्याने त्याला स्वतः सगळं समजावलं, कागदावर काढून दाखवलं. त्याने पायडलवर पत्र्याची एक पाटी बसवली, पावलाएवढी लांब. दोन्ही बाजूंना आणि टाचेमागे दोन बोटं उंच काठ, वर काही नाही. पाऊल बाहेर घसरत नाही, मागे जात नाही, आणि मांडी उचलली की सरळ वर सुटतं. पाटीच्या वजनाने पायडल उलटू नये म्हणून खाली लोखंडाचा एक तुकडा जोडला. अंगणात मी मध्येच, सांगितल्याशिवाय "थांबा" ओरडत राहिले. डावा पाय प्रत्येक वेळी सुटला. टेकल्यावर गुडघा जरा लचकतो, पण तेवढ्यात उजवा खाली येतो.

तोटा होता, आणि तो मोठा होता. चढावर डावा पाय पाटीत नुसता पडून राहतो. एका पायाने तो चढ चढवत नाही. टो-क्लिपने तो बसून वर गेला होता, पाटीने त्याला उतरून ढकलत जावं लागणार होतं. लंगडत, सव्वा किलोमीटर.

"अर्धा तास जास्त लागेल," मी म्हटलं.

"अर्धो तास आदी निघान."

टो-क्लिप काढून ठेवली. महिना संपायच्या तीन दिवस आधी तो कामावर रुजू झाला. पाऊण महिना झाला, अजून उशीर झालेला नाही.

गेल्या गुरुवारी माझी रजा होती. सकाळी तुयेला काम होतं म्हणून निघाले, तर चढावर तो पुढे दिसला. सायकल उजव्या हाताला धरलेली, तिच्यावर थोडा भार टाकलेला, डावं पाऊल रस्त्याला घासत होतं. दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा एक जण मोटरसायकल हळू करून त्याला काहीतरी म्हणाला. नवऱ्याने नको म्हणून मान हलवली, मोटरसायकलवाला पुढे गेला. मी शेजारी आले तेव्हा साडेसात झाले होते.

"पोचाल ना?"

"पोचतंय. तू जा."

मी गेले. चढ संपला की गेटपर्यंतचा रस्ता सपाट आहे. तिथे तो परत सायकलवर बसतो. गेटवरच्या माणसांनी त्याला चालत येताना अजून पाहिलेलं नाही.