बाजूला झालेला माणूस

सुहासचा फोन आला तेव्हा त्याच्याशी निदान महिनाभर तरी बोलायचं नाही, असं मी ठरवून बसले होते. दुपारची वेळ होती. धाराशिवच्या घरी मी मेथी निवडत होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी चिडूनच उचलला आणि म्हणाले, “काय रे, आता आत्या आठवली व्हय?” मग तो म्हणाला, “आत्या, आण्णा गेले.” जेवून आडवे झाले होते, वहिनी चहाला उठवायला गेली तर... मेथी तशीच टाकून मी निघाले. परंड्याच्या एसटीत खिडकीशी बसले, तेव्हा सख्खा भाऊ गेल्यावर बहिणीच्या मनात जे यायला हवं ते माझ्या मनात येत नव्हतं. मी एकच गोष्ट घोकत होते : दादा बोलला का? जाण्याआधी तो पोराशी एकदा तरी बोलला का?

काय बोलायचं होतं, ते सांगण्यासाठी आधी दादा सांगावा लागेल. गाव आणि घर त्याला आण्णा म्हणायचं, दादा म्हणणारी मी एकटी. परंड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात आमची खव्याची भट्टी. वडिलांनी मांडलेली, दादानं वाढवलेली. आमच्या भागात गावागावांत भट्ट्या आहेत, त्यामुळे त्यात अप्रूप काही नाही. अप्रूप होतं ते दादाच्या आवाजाचं. तो गादीवर बसून ओरडायला लागला की रस्त्यावरून जाणारी एसटी थांबेल असं वाटे. “ह्यांच्या वरडण्यानंच निम्मं दूध नासतंय,” असं वहिनी म्हणायची. माणसं त्याला टरकून असत. माल चोख होता, पण तो भीतीनं चोख होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. एका वर्षी ‘व्यवसायातील नीती आणि नेतृत्व’ असा नवा विषय अभ्यासक्रमात आला, आणि तो शिकवावा कसा हे शिकायला आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथून मी एक जाडजूड पुस्तक आणलं. प्राचीन चीनमधल्या विचारवंतांचं सांगणं आजच्या धंद्याला कसं लावायचं, असा त्याचा विषय. मला स्वतःला ते दहा पानांच्या पुढे झेपलं नाही. पंचमीला माहेरी गेले तेव्हा पिशवीत तसंच राहिलं होतं, आणि दादा पाय मोडून प्लास्टरमध्ये पडला होता. वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून झालेलं. त्यानं ते पुस्तक मागितलं, मी दिलं, आणि मग ते मला कधी परत मिळालं नाही.

त्या पुस्तकात दोन म्हातारे होते. म्हणजे पुष्कळ होते, पण दादानं दोनच धरले. पहिल्याचं सांगणं थोडक्यात असं, की कारभाऱ्यानं पाण्यासारखं खालच्या जागी राहावं, होईल तितकं कमी दिसावं, आणि काम मार्गी लागलं की बाजूला व्हावं. दुसरा शिस्तीचा. ज्या वस्तूला जे नाव दिलं तशीच ती असली पाहिजे, आणि वरचा माणूस चुकत असेल तर त्याच्या माणसानं तोंडावर सांगितलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. दादा त्यांना पहिला म्हातारा, दुसरा म्हातारा असंच म्हणायचा, जणू दोघं आमच्या पारावर बसायला येत असत. गावानं अर्थातच त्याला सोडलं नाही. “आण्णा, चायना माल हाय, गॅरंटी न्हाय बरं का,” असं जो तो ऐकवून जायचा. मीही चिडवायचे.

पण त्यानं ते लावलं, आणि मी वर्गात जे नुसतं फळ्यावर लिहीत होते ते तिकडे भट्टीवर घडायला लागलं. आधी गादी गेली. बायका दूध ओतायला येतात तिथं खाली पोत्यावर तो बसायला लागला. अमावस्येला भट्टी बंद असते, त्या दिवशी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, “माझं काय चुकतंय ते सांगा.” कोण सांगणार? दारातून वहिनी म्हणाली, “त्येला अमावस्या कशाला पायजे, म्या रोज सांगती की.” हसण्यात सगळ्यांचा धीर चेपला. मग रुक्मिणबाई बोलली. ही वडिलांच्या वेळेपासून कढईवर उभी राहणारी बाई, लांब दांड्याचं उलथणं तिच्या हातून क्वचितच सुटायचं. म्हणाली, “आण्णा, राग मानू नगा. बाया दूध घालाया येत्यात, तुमी त्यांच्याकडं बगतच न्हाय. मापाकडं बगून बोलता. चोर असल्यावानी वाटतंय त्यांला.” दुसऱ्या दिवसापासून दादा प्रत्येकीला नावानं हाक मारायला लागला. त्याच्या आवाजाला पट्टी खालची मिळाली, ती कायमची.

दुसऱ्या म्हाताऱ्याची पाळी सोनारीच्या यात्रेला यायची. यात्रेच्या दिवसांत पेढ्याला मागणी चढते आणि नेमकी तेव्हाच उन्हानं जनावरं आटतात. अशा वेळी खव्यात दूध पावडर आणि डालडा घालून वजन भरून काढणारे पुष्कळ. दादानं एका वर्षी पावडरीचा माल केला, पण वेगळ्या ताटात ठेवला आणि त्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली : ‘हा खवा नाही. पावडर मिसळलेली आहे.’ पेढेवाला व्यापारी आला, हसला, म्हणाला, “आण्णा, तेवढी पाटी काढा, दोन्ही ताटं उचलतो.” दादा म्हणाला, “पाटीसकट न्या.” व्यापारी दोन्ही ताटं ठेवून दुसऱ्या भट्टीवर गेला. पुढे कितीतरी दिवस वहिनी त्या मालाचे गुलाबजाम करत होती आणि चीन देशाचा उद्धार करत होती. पण पुढच्या वर्षी तोच व्यापारी चांगल्या खव्यासाठी आमच्याच दारात आला, हेही सांगायला हवं.

साठी उलटली तशी दादानं भट्टी सुहासच्या हाती दिली. काम मार्गी लागलं, आता बाजूला व्हायचं. मी म्हटलं, “अरे, बाजूला हो, पण लक्ष तरी ठेव.” तर म्हणाला, “लक्ष ठेवलं म्हणजे बाजूला झालो कुठं?” त्या दिवसानंतर त्यानं भट्टीचा उंबरा ओलांडला नाही. घरासमोर लिंबाखाली बसायचा. पन्नास पावलांवर धूर दिसायचा, माणसांचे आवाज यायचे. आत मात्र गेला नाही. एक रीत तेवढी राहिली. दिवसाचा पहिला घाणा उतरला की वाटीभर खवा घरी यायचा, मालकानं चव बघायची म्हणून. वडिलांपासूनची रीत. सुहासनं ती चुकवली नाही.

सुहास वाईट मुलगा नाही, हे मला ठासून लिहायचं आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे. त्यानं वाफेवरची कढई आणली, पॅकिंग आणलं. पण लांबच्या शहरातली मागणी घेऊन बसला आणि दूध पुरेना. अमावस्येची बैठक त्यानं आधीच बंद केली होती, कामाचा दिवस मोडतो म्हणून. त्यामुळे सांगायचं कुणी आणि कधी, तेही राहिलं नाही. एक दिवस रुक्मिणबाईचा फोन आला. “ताई, डालड्याचं डबं येत्यात वो. नाव आण्णांचं, अन् आत ह्ये. आण्णांना म्या कशी सांगू?”

मी गेले. मी लिंबाखाली दादाजवळ बसलेली असतानाच वाटी आली. त्यानं खवा तळहातावर चोळला, वास घेतला, जिभेवर ठेवला. मग हळूहळू सगळा खाल्ला आणि वाटी परत पाठवली.

“कळलं ना तुला?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशीच कळलं. डालडा टाळू सोडत नाही.”

“मग बोल की!”

“भट्टी त्याची आहे.”

“आणि नाव कुणाचं आहे?”

तो धुराकडे बघत राहिला. म्हणाला, “मी एक शब्द बोललो तर उद्या बंद करील तो. मला ठाऊक हाय. पण मग माझ्या भ्यानं चांगला राहील. मी किती दिवसांचा? मी गेल्यावर कुणाचं भ्या? त्याचं त्याला उमगू दे.” त्याचं हृदय दमलेलं होतं, डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. मी संतापले. म्हटलं, “दुसरा म्हातारा काय सांगतो मग? चुकलं तर तोंडावर सांगा म्हणतो ना? तुला सोयीचा म्हातारा तू धरलास, दादा.” तो हसला. “दोघांचं भांडण लई जुनं हाय, माय. तुझ्या-माझ्यानं मिटतंय व्हय?”

अशा माणसापुढे काय करावं? लहानपणी त्यानं माझी पाटी घेतली तर मी त्याचा दंड चावायचे. आता तो दंडही राहिला नव्हता. मी उठून तडक भट्टीवर गेले आणि सुहासला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, “आत्या, तुम्ही कॉलेजात शिकवलंत. दूध कमी पडल्यावर काय करायचं, ते तुमच्या पुस्तकात नसतंय.” मग मी न बोलण्याचं ठरवून घरी आले, आणि त्यानंतरचा पहिला फोन तो दुपारचा.

तेराव्याचा कार्यक्रम उरकला, पाहुणे पांगले. संध्याकाळी मागच्या पडवीत सुहास माझ्याजवळ येऊन बसला. डोळे खोल गेलेले. म्हणाला, “आत्या, खरं सांगा. आण्णांना खव्यातलं कळत होतं का?”

नाही म्हणता आलं असतं. पोराचं ओझं उतरलं असतं आणि डालड्याचे डबे येत राहिले असते. मी म्हणाले, “कळत होतं. पहिल्या दिवसापासून.”

तो रडेल असं मला वाटलं. तो रडला नाही, चिडला. “मग बोलले का न्हाईत? मी रोज वाटी कशाला पाठवत होतो, आत्या? पहिल्यांदा डालडा घातला त्या दिवशी मी भट्टीच्या दाराआड उभा होतो. वाटलं, आता वाटी फेकतील, आता हाक मारतील. तर रिकामी वाटी आली. दुसऱ्या दिवशी पण रिकामी. मला वाटलं, त्यांना चालतंय. आण्णांनी खाल्लं म्हणजे माल पास... एकदा जरी बोलले असते ना!”

मी त्याला समजावायला लागले. तुझं तुला उमगावं म्हणून ते थांबले होते, कारभाऱ्यानं बाजूला व्हावं असं ते मानत होते, असं काहीतरी. वर्गात हाच धडा मी कितीदा घेतला होता. अर्ध्या वाक्यात माझा मलाच वीट आला आणि मी थांबले. बाप पोराला उमगण्याची वाट बघत होता आणि पोरगा बापाच्या हाकेची. पन्नास पावलांच्या अंतरात दोघं रोज एकमेकांना एक वाटी पाठवत राहिले. मला दादाचा राग आला. इतका राग त्याच्या जिवंतपणी कधी आला नव्हता, आणि तो काढायला आता समोर कुणी नव्हतं. मी सुहासच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच करता आलं.

आता रोज सकाळच्या एसटीनं माझ्याकडे डबा येतो. ओळखीचा ड्रायव्हर स्टँडवर देतो, मी जाऊन आणते. आत सुहासनं पाठवलेला खवा असतो. मी काही मागितला नव्हता. पहिला डबा आला तेव्हा मला बरं वाटलं, पोरगं सावरतंय असं वाटलं. परवा डबा आला आणि पाठोपाठ फोनही.

“आत्या, खाल्लात का?”

“खाल्ला.”

“कसा झालाय?”

दादासारखं गप्प बसायचं नाही, एवढं मी शिकले होते. मी सरळ विचारलं, “यात डालडा घातलायस का?”

तो म्हणाला, “तुम्हीच सांगा की. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

मी फोन कानाला धरूनच पुन्हा चिमूटभर घेतला. दादा करायचा तसा तळहातावर चोळला, हुंगला, जिभेवर ठेवला. गोड लागला. मऊ होता. दुधाचा वास येत होता, निदान मला तरी तसं वाटलं. टाळूला काही चिकटतंय का ते मी जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. एवढी वर्षं व्यवसायातली नीती शिकवली, पण दादाची जीभ कुठून आणू?

“सुहास,” मी म्हणाले, “मला नाही कळत रे.”

“बरं,” तो म्हणाला, “उद्याचा पाठवतो. तो खाऊन बघा.”