साहेबांपुरतं उघडलेलं कुलूप
फिनाईलचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. इंदापूरजवळच्या आमच्या गावात शाळेतल्या मुलींच्या संडासाला कायम कुलूप असायचं. माझी लेक दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही आणि घरी आली की दप्तर फेकून उसात पळायची. मी तक्रार केली, तेव्हा शाळांच्या तक्रारींची चौकशी करणारे साहेब पुण्याहून आले. ऑफिसात चहा झाला, उसाचा रस झाला, मग साहेब मुख्याध्यापकांच्या कानाशी काहीतरी बोलले. लगेच शिपाई किल्ली घेऊन धावला, फिनाईल ओतलं, बादली भरून ठेवली. साहेब आत जाऊन आले आणि रुमालाला हात पुसत मला म्हणाले, “ताई, शाळेनं तुम्हाला वेळेत उत्तर दिलं का, एवढंच मी तपासू शकतो. शाळेच्या आतला कारभार माझ्या अधिकारात येत नाही.” मी म्हणाले, “आवं, आत्ता आतच जाऊन आलात की तुमी!” साहेब गाडीत बसले आणि शिपायानं परत कुलूप घातलं. लेक आता बारामतीला असते. परवा तिच्याकडे गेले होते, तर नात शाळेतून आली, दप्तर दारातच टाकून मोरीकडे पळाली. मी तिची पाण्याची बाटली उचलली. सकाळी भरलेली, तशीच गच्च होती.