ठासणीच्या बंदुकीची साफसफाई

माझ्या सासरी, वटारला, एक ठासणीची बंदूक आहे आणि माझ्या माहितीत तिने आजवर एकाच माणसाला जखमी केलं आहे. गोळी न घालता. तो माणूस मी.

बंदूक सासऱ्यांच्या, म्हणजे पापांच्या, पणजोबांची. पापा सांगत, ती मुळात चकमकीची. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची. पुढे कुणीतरी बदलून टोपीची केली, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटून बार उडणारी. चर्चच्या उत्सवात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा त्यांच्या चुलतभावाने सगळ्यांदेखत सांगितलं की ती पहिल्यापासून टोपीचीच, बाकी सगळ्या थापा. पापांचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी मुंबईहून जुन्या हत्यारांचे एक जाणकार बोलावले.

पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे कौलंसुद्धा पुसतील. मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर, म्हणून बंदूक साफ करायचं मी अंगावर घेतलं. (कुणी सांगितलं नव्हतं.) गंज घासला, पितळ चिंचेने उजळलं. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीत काही रिकामी भोकं होती. ती मला बघवेनात. लोखंडाच्या रंगाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून अशी बुजवली की बोटालाही कळू नये. पापांनी बंदूक हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले.

जाणकारांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"चकमक काढून टोपी बसवताना दारूची वाटी आणि स्प्रिंग काढतात," ते म्हणाले. "त्यांच्या स्क्रूची भोकं राहतात. इथे एकही नाही. ही जन्मापासून टोपीची."

पापा हळूच खुर्चीत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि मग लांबीचा डबा आठवला.

"भोकं होती," मी म्हणालो. "मी बुजवली."

चुलतभाऊ म्हणाला, जावई सासऱ्याची बाजू घेणारच. जाणकारांनी मात्र मला नखशिखांत न्याहाळलं, खिशातून सुई काढली आणि पट्टी टोकरू लागले. लांबीचा भुगा पडला. एक भोक उघडलं, मग दुसरं, मग बाकीची. पापांनी क्रुसाची खूण केली.

प्रदर्शनात पापा बंदुकीशेजारी कोट घालून उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "इंग्रज आले, गेले, हिला काही झालं नाही. खारी हवा, गंज, वाळवी, सगळ्यातून वाचली."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवत.

"हे आमचे जावई. यांच्यातूनही वाचली."